चेहरा सोडून

हटवार सरांनी कॅमेरा हातात दिला.
पट्टा गळ्यात घाल म्हणाले, पडला तर तुझा सहा महिन्यांचा पगार.
मग म्हणाले, सोमवारी स्वतःचा फोटो काढून आण.
चेहरा सोडून.

लाखांदूरच्या चौकात त्यांचा स्टुडिओ.
मागे निळा पडदा, एक स्टूल, एक कंगवा
ज्याने अर्ध्या तालुक्याने भांग पाडला आहे.
मी तिथे छत्र्या उघडते, वायरी गुंडाळते,
आणि कॉम्प्युटरवरची एक दांडी उजवीकडे सरकवते:
माणूस उजळत जातो.
साठवर थांबायचं, सर सांगतात, सत्तरला ओठ जातात.
बारावीच्या फॉर्मवर मीही साठवरच आहे.
परीक्षेच्या हॉलमध्ये बाईंनी दोनदा पाहिलं होतं,
एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे,
आणि सही केली, घाईत.

रविवारभर तलावाच्या पाळीवर हिंडले.
सावली काढली. कोणाचीही असू शकली असती.
चपला काढल्या. डाव्या अंगठ्याला तार बांधलेली,
जवळून फारच बिचारी दिसली, पुसून टाकली.
आमचा डोंगा काढला, बाबाचा बांबू, पाण्यावर पसरलेली वेल,
छान आलं सगळं,
कॅलेंडरसारखं छान.
खाली एखाद्या बियाण्याच्या कंपनीचं नाव तेवढं हवं होतं.

एफ आठ, एकशे पंचवीस. उजेड मोजायला मला वेळ नाही लागला.
पाण्याकडे पाहून किती वाजले ते बाबा सांगतो,
त्याची मी पोरगी.
पण उजेड मोजून काय,
तो कोणावर पाडायचा ते ठाऊक नको?

आई अंगणात उकडलेल्या शिंगाड्यांचा गंज घेऊन बसली होती.
म्हणाली, "मले दे बरं. मी काढतो तुया फोटू."
हात धू आधी, म्हटलं.
"धुतल्यानं जाते का हे?"
तिनं कॅमेरा उलटा धरला, मग सुलटा,
मिटायचा तो डोळा सोडून दुसराच मिटला.
"हासू नको. हासली का मामीवाणी दिसतेस."
मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दाबलं.

फोकस मागच्या कुडावर आहे,
कुडाच्या एकेका काडीवर.
मधे मी, विरघळलेली, तोंड अर्धं उघडं,
आणि डाव्या कोपऱ्यात, लेन्सवर चढून आलेला
एक काळा डोंगर.

सोमवारी सरांनी मोठा करून पाहिला.
"लेन्स पुसली नाहीस. हा डाग काप."
डाग नाही जी. आई आहे.
"म्हणजे हा तू काढला नाहीस."
नाही.
"आणि चेहरा आहे यात."
दिसते का, सर?
ते चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ वाकून राहिले.
चहावर साय धरली.
मग बाहेरून कोणीतरी हाक मारली, पासपोर्ट साइज, अर्जंट.

दिघोरीचा म्हातारा, निराधारच्या अर्जासाठी आलेला.
मी स्टूल सरकवलं, हनुवटी खाली घ्या म्हटलं, काढला.
मग ती दांडी.
माऊसवरच्या माझ्या बोटाला, नखाच्या कडेनं, शिंगाड्याचं काळं.
कार्तिक सरेपर्यंत ते निघत नाही.
दांडीला हात न लावताच प्रिंट दिली.
त्यानं आठही फोटो दारातल्या उजेडात धरून पाहिले, एकेक,
जसा काही त्यातला एखादा तरी वेगळा निघेल.
"होय," म्हणाला, "हा मीच आहो."
आणि जरा थांबून,
"दुसरा नाही का काही?"